सासूबाईंसोबत पहिलं रॉक म्युझिकल: वाशी, ८ डिसेंबर

गणपतीत ठाण्याला नणंदेकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि भाचा तेजस सासूबाईंजवळ येऊन बसला. "आजी, डिसेंबरात आमचं नाटक आहे वाशीला. मी बेस वाजवतोय."

सासूबाईंनी मोदकाची बशी खाली ठेवली. "ऑर्गनवर का रे?"

"नाही गं, बेस गिटार, खालच्या पट्टीतली. रॉक म्युझिकल आहे."

"म्हणजे संगीत नाटकच ना? मग मी येणार."

विषय तिथेच संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. मला मात्र पुढचे तीन महिने पुरला. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत मशीन आहे, गुडघे बोलतात आणि तासा-दीड तासाने उठावं लागतं. रॉक म्हणाल तर आमचा अनुभव खिडकीतूनच. आम्ही नेरूळला राहतो, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून फार लांब नाही. २०१९च्या डिसेंबरात तिथे यू-टू या बँडचा कार्यक्रम झाला तेव्हा आमच्या कपाटाची काच रात्रभर किणकिणत होती. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले हा बँड येणार म्हणून आधीपासूनच सोसायटीत पार्किंगची भांडणं सुरू झाली होती. मी स्वतः ५२ वर्षांत असा प्रकार नाट्यगृहात बसून पाहिलेला नव्हता. "तुम्ही दोघी जा, मी घर सांभाळतो," असं म्हणून नवऱ्याने अंग काढून घेतलं.

हे लिहायचं कारण एवढंच, की मी शोधत होते तेव्हा मला असं काही वाचायला मिळालं नाही. म्हाताऱ्या माणसाला रॉक म्युझिकलला न्यायचं तर काय काय बघावं लागतं, हे कुणी सांगत नाही. नाटकाचं नाव देत नाही. तरुण हौशी मुलांचा गट आहे आणि पुढचा प्रयोग कधी, हे त्यांनाच अजून ठाऊक नाही.

भाऊबीजेला तेजस घरी आला तेव्हा त्याला नीट बसवून विचारलं. पहिलाच प्रश्न: हे संगीत नाटकापेक्षा वेगळं कसं? त्याचं म्हणणं असं, की संगीत नाटकात संवाद चालू असतात, मग पद येतं, पद रंगतं, गोष्ट तेवढा वेळ थांबते. इथे गोष्टच गाण्यातून पुढे सरकते. गाणं चुकलं तर कथानक चुकलं. आणि वाद्यं म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स. मग त्याने इतिहास सांगायला घेतला. 'जीजस क्राइस्ट सुपरस्टार' हे या प्रकारातलं गाजलेलं नाव. रंगमंचावर आणायला पैसे घालणारा कुणी मिळेना म्हणून त्याची आधी १९७० साली रेकॉर्ड निघाली, आणि ती चालल्यावर १९७१मध्ये ते न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर उभं राहिलं. मुंबईत ॲलेक पदमसींनी ते १९७४ साली केलं. "आणि त्यात जुडास कोण होता माहितेय? नंदू भेंडे!"

त्याला वाटलं, आता आजी विचारतील कोण नंदू भेंडे. आजी म्हणाल्या, "आत्माराम भेंड्यांचा मुलगा. 'तीन पैशाचा तमाशा'त होता की. तुझ्या आजोबांबरोबर पाहिलंय मी ते. खणखणीत गळा. गिटार होती, ड्रम होते, सगळं होतं."

'तीन पैशाचा तमाशा' १९७८चं. पु. लं.नी जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. तेजसचा जन्म १९९९चा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी मनात म्हटलं, चला, यांना तर अनुभव आहे, नवखी मीच.

त्याच दिवशी कळलं की या मुलांनी केवढे कागद गोळा केले होते. संहिता, सगळ्या गाण्यांच्या ओळींसकट, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय प्रयोग नाही. नाट्यगृहाची तारीख, अनामत, ध्वनियंत्रणेचं भाडं, तालमीच्या खोलीचे तासाला ५०० रुपये. सगळे नोकरी करणारे. तेजस ऐरोलीला कंपनीत बसतो आणि शनिवार-रविवार गिटार पाठीला लावून ट्रान्स-हार्बर लोकलने फिरतो. तिकीट ५०० रुपयांच्या वर का नेलं नाही, याचं उत्तर मला अकाउंट्समधली असून माहीत नव्हतं: नाटकाचं तिकीट ५००पर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. एक रुपया वर गेलात की लागला.

१७ नोव्हेंबरला सकाळी १० वाजता तिकिटांचा प्लॅन उघडला. ५००, ४०० आणि ३०० असे दर. मी फोन घेऊन ९.५५पासूनच बसले. नाव लिहायची इच्छा नसलेल्या एका ॲपवर दोन खुर्च्या निवडल्या, १,००० रुपये अधिक त्यांची फी ७० रुपये ८० पैसे. यूपीआयने पैसे गेले, खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. तिकीट नाही. मदतीच्या नंबरवर एक यंत्र माझ्याशी वीस मिनिटं गोड बोललं.

इथे माझा धंदा कामी आला. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे: यूपीआयने दुकानदाराला पैसे भरले, आपल्या खात्यातून गेले पण त्याच्याकडे पोचल्याची खातरी झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून घाबरून दहा जणांना फोन करू नका. व्यवहाराचा क्रमांक दिसतो त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि तारीख लिहून ठेवा. माझे पैसे २१ तारखेला परत आले. शंभराची आशा मी उगाचच धरली होती.

तोवर मी ऑनलाइनचा नाद सोडला. २२ नोव्हेंबरपासून नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकिटं मिळणार होती. माझं ऑफिस तुर्भ्याला, त्यामुळे संध्याकाळी वाशीला उतरून विष्णुदास भावे नाट्यगृहात गेले. गंमत बघा, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्यातली पदं सूत्रधार गात असे, आणि मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो. म्हणजे गाण्यातून गोष्ट सांगायचं खूळ काही आजचं नाही. आता त्यांच्याच नावाच्या इमारतीत इलेक्ट्रिक गिटार लागणार होती.

खिडकीतल्या काकांनी कागदाचा प्लॅन पसरला. तेजसने मला पढवून ठेवलं होतं: पहिल्या चार रांगा नकोत, कारण तिथे दोन्ही बाजूचे स्पीकर थेट कानात. अगदी भिंतीकडेला नको. प्रेक्षागृहात जिथे ध्वनिसंयोजकाचं टेबल लावतात त्याच्या एक-दोन रांगा पुढे मधल्या वाटेलगत बसायचं, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे बरं लागतं तेच सगळ्यांना देतो. काकांना मी विचारलं, "साउंडचं टेबल कुठे लागणार?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पस्तीस वर्षांत कुणी हे विचारलं नसावं. मग स्वतःच उठून आत जाऊन कुणाला तरी विचारून आले. वाटेलगतच्या दोन खुर्च्या, ४०० रुपयांच्या, फी शून्य. मोठी माणसं बरोबर असतील तर मी सरळ सांगेन, खिडकीवर जा. ॲपला गुडघे नसतात.

आता राहिला कानांचा प्रश्न, आणि हा मी जवळजवळ विसरलेच होते. आठवण सासूबाईंनीच केली. "अगं, लग्नात बँड वाजला की या मशीनमधून नुसता चरचराट येतो. तिथे काय होईल?"

३० नोव्हेंबरला, शनिवारी, ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. ६०० रुपये फी, पाऊण तास थांबावं लागलं. बाई तरुण होत्या पण फार नीट समजावलं. वयाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त असे आवाज म्हणजे नुसती वाऱ्याची फुंकर. ते गेले की शब्द ऐकू येतो पण कळत नाही. खालच्या पट्टीतलं बरंच शाबूत असतं. मशीन बोलणं कळावं म्हणून बेतलेलं. गिटारचा लांब धरलेला सूर त्याला शीळ वाटते, आणि ती दाबायला जाऊन ते सूरच थरथरवतं. मोठा आवाज आला की तो चेपतं, म्हणून चरचराट. त्यांनी मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम भरून दिला, ज्यात ही हुशारी बंद असते. बटण एकदा दाबलं की तो लागतो, पुन्हा दाबलं की नेहमीचा.

सासूबाईंनी विचारलं, "माझा नातू बेस वाजवतो. तो ऐकू येईल का?"

बाई हसल्या. "आजी, तोच सगळ्यात चांगला ऐकू येईल."

मला हे तेव्हा नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं वाटलं.

त्यांच्याकडूनच दोन गोष्टी शिकले, त्या सांगून ठेवते. बटणासारख्या बॅटरीवरचा रंगीत कागद काढल्यावर ती लगेच मशीनमध्ये घालू नये, मिनिटभर हवेत ठेवावी. ती हवेवर चालते. आमची ३१२ नंबरची, तपकिरी कागदाची. कार्यक्रमाच्या दिवशी नवीनच घालायची आणि एक जोडी पर्समध्ये. दुसरी गोष्ट माझ्यासारख्या धडधाकट कानांसाठी: ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १००ला पंधरा मिनिटं. म्हणून मेडिकलच्या दुकानातून फोमचे बोळे घेतले, २० रुपये जोडी. ते नुसते कानात खुपसायचे नसतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. मी घरी सराव केला. नवरा हसत होता ते ऐकू आलं नाही, यावरून बरोबर बसले असणार.

आणखी एक काम मी केलं, ते सगळ्यात उपयोगी पडलं. तेजसकडून नाटकाची गोष्ट लिहून घेतली आणि मोठ्या टायपात दोन पानं छापून सासूबाईंना दिली. रहस्यनाटक नाही, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. गोष्ट अशी: नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठवल्या जाणाऱ्या एका गावातला मुलगा. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करतायत, घर जाणार आहे, बाप जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदांमागे फिरतोय, बहिणीचं लग्न त्याच अंगणात व्हावं म्हणून आई हटून बसलीये, आणि या मुलाला बँड काढायचाय. गाणी आगरी, मराठी, थोडी हिंदी. सासूबाईंनी दोन्ही पानं चारदा वाचली. त्यांचं माहेर पनवेल तालुक्यातलं, वडील शाळामास्तर. "हे आमच्याकडचंच आहे," म्हणाल्या, आणि पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.

८ डिसेंबर. प्रयोग सात वाजता. पावणेसहाला रिक्षाने निघालो, मीटरने १३० रुपये झाले. साडेसहाला दार उघडेपर्यंत सासूबाईंना बाहेर बसायला जागा मिळाली. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेली मुलं-मुली, दोघांच्या तर केसांना निळा रंग. सासूबाई नाटकाला म्हणून इरकली साडी नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून आल्या होत्या. मला जरा अवघडल्यासारखं झालं, त्यांना मुळीच नाही. निळ्या केसांच्या मुलीने येऊन विचारलं, "आजी, साडी कुठून घेतली?" मग त्यांचं इरकल-इलकल सुरू झालं ते घंटेपर्यंत.

दारावर सूचना होती: डोळे दिपवणारे लुकलुकते झोत आणि कृत्रिम धूर वापरला जाईल. ही पाटी वाचा. फिट येण्याचा त्रास असेल तर असे झोत खरंच घातक ठरू शकतात, आणि दम्याचा पंप असेल तर तो हातात हवा. आत शिरलो तर धुराचा गोडसर वास. "काही जळतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं, धुराच्या यंत्राचा आहे.

सात वाजता पहिली घंटा व्हायला हवी होती, झाली सात वीसला. तिसरी घंटा सात पस्तीसला. सासूबाईंनी पदर सावरला, हात जोडले. त्या नांदीची वाट बघत होत्या. अंधारात कुणीतरी दोन काड्या एकमेकींवर चार वेळा आपटल्या आणि मग जे काही झालं त्याला मी आवाज म्हणणार नाही. कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलावं तसं झालं. टेकडीचा पहिला सुरुंग.

खरं सांगते, पहिली वीस मिनिटं वाईट गेली. माझ्या कानांत बोळे होते तरी एकही ओळ धड कळत नव्हती. झोत सरळ डोळ्यांत. कुणाकडे बघायचं कळेना, कारण गाणारी पाच, नाचणारी आठ आणि डावीकडे उंच चौथऱ्यावर बँड, ड्रमवाला पारदर्शक पेटीत बसवलेला. शिवाय टाळ्या कधी वाजवायच्या? एक गाणं संपतंय असं वाटून मी हात वर केले तर ते दुसऱ्यात शिरलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ताठ बसलेल्या, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मनात आलं, मध्यंतरात घरी जाऊ. ही वीस मिनिटं तुमच्याही वाट्याला येतील. कान-डोळे सरावायला तेवढा वेळ घेतात. उठू नका.

मग एक संथ गाणं आलं, बापाचं. सरकारी कागदांवरचं. सासूबाईंनी मान डोलावली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "साडेबावीस टक्के म्हणाला." तेवढा एक शब्द कळला होता, पण दोन पानं पाठ होती, बाकीचं त्यांनी त्यावरून जुळवलं. त्यानंतर मलाही जुळायला लागलं. एका वेळी एकाच माणसाकडे बघायचं, जो गातोय त्याच्याकडे. शब्द सुटला तर सुटू द्यायचा. ध्रुवपद परत येतंच.

मध्यंतर पावणेनऊला, पंधरा मिनिटं. बायकांच्या रांगेतच बारा गेली. मी वाटेलगतची खुर्ची घेतली होती ती याचसाठी, तरी पडदा पडायच्या आत उठायचं धाडस झालं नाही. पुढच्या वेळी करेन. वडा खायला वेळ उरला नाही. पण नाटकाच्या मध्यंतरात वडा न खाणं सासूबाईंना मंजूर नव्हतं, म्हणून तो कागदात बांधून घेतला.

दुसऱ्या अंकात गडबड झाली. उजव्या मशीनमधून बारीक शीळ यायला लागली. बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. तोवर संगीताचा प्रोग्राम गेला की राहिला, दोघींनाही कळेना. पुढच्या खुर्चीतला मुलगा मागे वळला. सासूबाईंनी शांतपणे दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली, डबी पर्समध्ये. माझा जीव खाली-वर. आता यांना काहीच ऐकू येणार नाही, ५० मिनिटं राहिलीत. मी बोळ्यांची दुसरी जोडी पुढे केली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी फोनवर आवाज मोजला, ९१ दाखवत होता, म्हणून फार आग्रह केला नाही.

मग बघते तर त्यांनी चप्पल काढून पावलं जमिनीला टेकवली होती आणि तळहात खुर्चीच्या लाकडी हातावर पालथा ठेवला होता. बोटं हलत होती. आधी वाटलं, थरथरतायत. नाही, ताल धरत होत्या. माझ्याकडे वाकून त्या नेहमीच्या, म्हणजे जरा मोठ्या, आवाजात म्हणाल्या, "हा तेजस."

बहिणीच्या लग्नात धवला आला. धवला म्हणजे आगरी लग्नातली गाणी, धवलारीण म्हणते ती. मंचावरच्या मुलीने तो आधी नुसत्या गळ्यावर धरला, जुन्या चालीत. मग खालून बेस आला, एकटाच, चालीच्या पावलांनी. मग ड्रम, मग सगळं. सासूबाईंचे ओठ हलत होते. शब्द ऐकून नाही. त्यांना ते माहीत होते. शाळामास्तरांच्या मुलीने गावातली किती लग्नं पाहिली असतील. मी त्यानंतर मंचाकडे फारसं बघितलंच नाही.

गाणं संपलं. एक क्षण पूर्ण शांतता आणि अंधार. त्या शांततेत आमच्या रांगेतून खड्या आवाजात: "वन्स मोअर!"

सगळं नाट्यगृह हसलं आणि मग टाळ्या पडल्या. धवला म्हणणाऱ्या मुलीने अंधारातच हात जोडलेले दिसले. पण पुढचं गाणं सुरू झालंच. मशीन काढल्यामुळे आपण किती जोरात बोललो याचा सासूबाईंना पत्ता नव्हता. त्या माझ्याकडे नाराजीने बघत होत्या, जणू मीच वन्स मोअर नाकारला.

दहा दहाला संपलं. तेजसने थांबायला सांगितलं होतं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला, घामाने निथळलेला, गळ्यात लोंबणारी वायर. सासूबाईंनी मशीनं पुन्हा घातली होती. पहिला प्रश्न: "वन्स मोअर का दिला नाहीस?"

"आजी, नाही देता येत. दिवे, आवाज सगळं आधी बांधलेलं असतं. आमच्या कानात टिक-टिक चालू असते, त्याबरोबरच जावं लागतं." त्याने कानातून काढलेली छोटी बोंडं दाखवली.

सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "म्हणजे तुमच्यापण कानात मशीन? या वयात?"

तो हसत होता तोवर त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "धवल्यात मध्येच कुठे गेला होतास?"

तेजसचं हसू थांबलं. "कधी?"

"नवरी उंबरठा ओलांडते तिथे. गेलास आणि जरा वेळाने आलास."

त्याची वायर निघाली होती. पायाखालच्या डब्याला जोडलेली एक छोटी वायर पाय लागून सुटली, ती बसवेपर्यंत आठ मात्रा गेल्या. "आजी, कुणाच्या लक्षात नाही आलं. आमच्या ड्रमरच्यापण नाही. दिग्दर्शकाच्यापण नाही. तुला कसं ऐकू आलं?"

"ऐकू कुठे आलं? पायाला लागेनासं झालं."

परतीची रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं लागली. कुणी नेरूळला यायला तयार नव्हतं, एक जण २०० म्हणाला, त्याला हो म्हटलं. रिक्षातच तो गार वडा खाल्ला, अर्धा-अर्धा. रात्री नाटकाला जाणार असाल तर परतीचं आधी ठरवा, निदान निळ्या केसांच्या कुणाकडे गाडी आहे का विचारून ठेवा. आम्ही घरी पोचल्यावर कळलं की ती मुलगी आमच्या शेजारच्याच सीवूड्सला राहते. झोपताना सासूबाईंनी मशीनच्या बॅटरीची दारं उघडी ठेवली, तशी रोजच ठेवायची असतात, ओल राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानांत बारीक गुणगुण होती. पहिली वीस मिनिटं बोळे नीट बसले नव्हते बहुधा. जमाखर्च: तिकिटं ८००, कानांच्या बाई ६००, बोळे दोन जोड्या ४०, रिक्षा ३३०, वडा ३०. बॅटऱ्या घरातल्याच.

पुढच्या रविवारी, १५ तारखेला, तेजस दुपारी जेवायला आला. पाठीला बेस होताच, संध्याकाळी तालीम होती. नवऱ्याने चहा पिता पिता म्हटलं, "वाजव की जरा, मीपण ऐकतो." तेजस म्हणाला, "मामा, अँप्लिफायरशिवाय काही ऐकू येत नाही याचं." वाजवून दाखवलं. खरंच, रबर ओढल्यासारखा आवाज.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. गिटारचं लाकूड त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या कडेला टेकवून धरायला लावलं आणि तळहात टेबलावर ठेवला. "आता वाजव. धवला."

त्याने सर्वांत जाड तार छेडली. बशीतला नवऱ्याचा चमचा किणकिणायला लागला. नवऱ्याने कप उचलून बशीकडे बघितलं, मग टेबलाकडे. सासूबाईंनी त्याचा हात धरून तो आपल्या हाताशेजारी ठेवला.